छत्तीस दारांचे अडसर

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कोणाला आठवत नाही आणि तिथल्या राजाचंही नाही. राजेलोकांना हे ऐकून वाईट वाटेल, पण त्याला माझा इलाज नाही. एका सुताराचं नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं आहे, आणि ते का राहिलं तेच मी सांगणार आहे. लहानांनी पुढं बसावं. मोठे मागं बसले तरी चालतील, पण कान इकडं असू द्यावेत.

त्या राज्यात एका उंच डोंगरावर एक गड होता. थोरल्या राजानं तो बांधला होता, आणि स्वतःसाठी नव्हे, रयतेसाठी बांधला होता. दर दोनचार वर्षांनी नदीपलीकडून लुटारू यायचे आणि खालची गावं धुऊन न्यायचे. म्हणून राजानं गडाच्या पोटात छत्तीस खोल्या काढल्या, खालच्या छत्तीस गावांना एकेक. वरचा नगारा वाजला की ज्या त्या गावानं म्हातारीकोतारी, पोरंबाळं, दाणागोटा घेऊन चढ चढायचा, गुरं पटांगणात बांधायची, आपल्या खोलीत शिरायचं आणि आतून अडसर घालायचा.

अडसर म्हणजे दारामागचा तो आडवा जाड सोट. एका बाजूच्या भिंतीतल्या खोबणीतून तो बाहेर ओढायचा, दारावरून सरकवायचा आणि समोरच्या खोबणीत बसवायचा. एकदा तो बसला की बाहेर हत्ती येऊन उभा राहिला तरी आतल्या बाईनं निवांत भाकरी थापावी. छत्तीस दारांचे छत्तीस अडसर होते, आणि महादरवाजाचा सदतिसावा. तो एका अख्ख्या सागाचा होता आणि त्याला उचलायला तीस माणसं लागत.

गडाची एक रीत होती. सुगी संपली की गावोगावचे लोक एक दिवस वर जायचे. त्याला आसऱ्याचा दिवस म्हणत. प्रत्येक गाव आपली खोली झाडायचं, सारवायचं, अडसराला करडीचं तेल चोळायचं. मग गावातली सगळ्यात म्हातारी बाई आत जाऊन अडसर घालायची आणि बाहेरच्यांना विचारायची, "हायसा न्हवं समदी?" बाहेरचे म्हणायचे, "हाय." मग ती अडसर काढायची आणि सगळे बसून गूळपोळी खायचे. लुटारू येवोत न येवोत, हा दिवस कधी चुकला नाही.

थोरला राजा गेला आणि त्याचा मुलगा गादीवर आला. हा राजा काही दुष्ट नव्हता, भित्रा होता. बापाच्या धाकानं लुटारू दहा वर्षं फिरकले नव्हते, त्यामुळे परक्यांची भीती त्याला उरली नव्हती. आता त्याला आपल्याच माणसांची भीती वाटू लागली. बाजारात कोणी हसलं तर आपल्यालाच हसलं, असं त्याला वाटे. कोणी कुजबुजलं तर त्याचं जेवण अर्धं राही.

एक दिवस तो गडाकडं बघून म्हणाला, "एवढा मोठा गड नुसता पडून आहे. भिंती भक्कम, दारं भक्कम. याचा तुरुंग करा."

त्यासाठी फार काही करावं लागणार नव्हतं. फक्त अडसर आतून काढून बाहेर बसवायचे होते. त्या कामाला हैबती सुताराला बोलावणं गेलं.

हैबतीच्या आज्यानंच गडाचे पहिले अडसर घडवले होते. हैबतीचाही हात असा होता, की त्यानं बसवलेल्या दारातून वारा जात नसे. नाव हैबती असलं तरी माणूस मोठा गरीब स्वभावाचा. दिलेलं काम करायचं, मान खाली घालून करायचं आणि नीट करायचं, एवढंच त्याला माहीत. कामाबद्दल चार प्रश्न विचारणं म्हणजे धन्याचा अपमान, असं त्याला वाटे.

तीन महिने तो गडावर राबला. छत्तीस अडसर बाहेर आले, दारंही पुन्हा घट्ट बसवून झाली. महादरवाजाचाही बाहेर आला, कारण पहारेकऱ्यांना कैद्यांबरोबर आत राहायचं नव्हतं. बाहेर आंब्याची गार सावली होती. जुन्या खोबणी चुन्यानं कायमच्या बुजवायचा हुकूम होता. तिथं मात्र हैबतीचा हात अडखळला. त्याच्या घराण्यात दाराची खोबण बुजवणं अशुभ मानत. बसत्या घराचे डोळे झाकल्यासारखं होतं, असं त्याचा आजा म्हणे. हुकूम मोडायचा धीर नव्हता आणि आज्याचा शब्दही मोडवेना. शेवटी त्यानं खोबणींत गवत आणि चिखल भरला, वरून चुन्याचा पातळ हात फिरवला आणि कोणाला काही बोलला नाही.

राजा कामावर खूश झाला. त्यानं हैबतीला भरसभेत केशरी पागोटं बांधलं.

ते पागोटं मिरवत तो घरी आला. घरी त्याची एकुलती एक लेक होती, राही. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे बाप म्हणजेच आई आणि बाप म्हणजेच बाप. तिनं पागोटं हातात घेऊन पाहिलं आणि विचारलं, "आबा, अडसर बाहेर गेलं. मग आत कोण बसनार?"

"आपल्याला काय करायचंय, पोरी? आपन लाकडाचं बगायचं."

पागोटं तिनं खुंटीला टांगलं, त्याचं रोजचं पागोटं ठेवायची तसं देवळीत ठेवलं नाही. हे हैबतीच्या लक्षात आलं आणि त्याला उगीचच राग आला.

पहिल्या वर्षी गडावर चोर गेले. त्याबद्दल कोणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी राजाच्या अधिकाऱ्यांशी हुज्जत घालणारे गेले. तिसऱ्या वर्षी राजाची पालखी जाताना ज्यांची मान नीट वाकली नाही ते गेले. त्यांतला एक म्हातारा कुंभार होता, त्याची मान जन्मापासूनच वाकत नव्हती. हैबतीला दर पावसाळ्यानंतर गडावर जावं लागे, कारण पावसानं लाकूड फुगतं आणि रंधा मारावा लागतो. आतून कोणी दारावर थापा मारल्या तर तो रंधा जरा जोरात चालवायचा.

आसऱ्याचा दिवस आता बंद झाला होता. गावोगावच्या बायका त्या दिवशी गडाकडं नुसत्या बघायच्या. राहीला मात्र ते बघणं पुरेना. पाचव्या वर्षी सुगी संपली, तशी तिनं डोक्यावर शेणाची पाटी घेतली, हातात केरसुणी घेतली, तेलाची बुधली कमरेला खोचली आणि ती सरळ गड चढून गेली.

पहारेकरी म्हणाला, "काय गं, कुठं?"

"आमच्या गावाची तेरावी खोली. सारवायची हाय."

"अगं, आत कैदी आहे."

"असू दे की. त्याच्या भवतीनं सारवीन."

पहारेकऱ्याला हसू आवरेना. पण तेवढ्यात गडाचा मुख्य अंमलदार आला, आणि तो हसणाऱ्यांतला नव्हता. राही त्यालाही म्हणाली, "आमच्या पणज्यांनी दगड वाहिलं तवा ह्यो गड झाला. आमचा आसरा तुमी काय म्हनून नेला?"

अंमलदारानं तिच्या पाटीकडं पाहिलं आणि केरसुणीकडं पाहिलं. "खोली तुमचीच ना? मग बस आत," तो म्हणाला, "आणि सारव. राजाची मर्जी होईपर्यंत सारव." तेराव्या खोलीतला कैदी त्यानं दुसरीकडं हलवला, राहीला आत ढकललं आणि बाहेरून अडसर घातला.

संध्याकाळी ही बातमी हैबतीला कळली. तो जोत्यावर बसला होता, तो तसाच बसून राहिला. मग उठून त्यानं खुंटीवरचं पागोटं काढलं आणि पेटीच्या तळाशी घातलं. ते त्यानं पुन्हा कधी डोक्याला लावलं नाही. पण पागोटं काढून ठेवल्यानं दार थोडंच उघडतं?

दुसऱ्या दिवशी तो राजाकडं गेला. राजानं पाया पडू दिलं, पण लेकीला सोडलं नाही. "तुझ्यासाठी सोडली तर उद्या सगळेच येतील," राजा म्हणाला, आणि भ्यालेल्या माणसाच्या घाईनं आत निघून गेला.

मग हैबतीनं रंधा घेतला आणि गड गाठला. तेराव्या दाराचा अडसर फुगलाय, असं त्यानं सांगितलं. पहारेकऱ्यानं जाऊ दिलं. दारापाशी बसून तो हळू आवाजात म्हणाला, "राही."

आतून काहीच आलं नाही. त्यानं दाराला फट शोधली. वरून खालपर्यंत बोटं फिरवली, कुठं नखाएवढीही फट नव्हती. दार त्यानंच बसवलं होतं. आयुष्यात आपल्या कसबाचा त्याला पहिल्यांदा तिटकारा आला. शेवटी तो उंबऱ्यावर आडवा झाला आणि खालच्या दगडाशी तोंड नेऊन त्यानं पुन्हा हाक मारली. तिथून आवाज जेमतेम आत गेला.

"आबा," राहीचा आवाज आला. ती पण आतून तशीच आडवी झाली असणार. "तुमचं काम लई चांगलं असतं बगा."

हैबतीला हुंदका फुटला.

"रडू नगा," ती म्हणाली. "एक गोष्ट सांगू? मी भिंत चाचपली. चुन्याखाली चिखल लागला. तुमी खोबन बुजवलीच न्हाई, आबा."

"धीर झाला न्हाई, पोरी."

"झाला न्हाई तेच बरं झालं. म्या रोज तिथं हात घालून बगते. मला वाटतं, अडसर माघारी यायचाय, म्हनून जागा राखून ठेवलीया."

त्या दिवसापासून तेराव्या दाराचा अडसर दर आठ दिवसांनी फुगू लागला. पाऊस असो, ऊन असो, तो फुगायचाच. पहारेकरी एकमेकांकडं बघून म्हणायचे, "भलतंच पाणी पितं बुवा हे लाकूड," आणि हैबतीला वाट द्यायचे. तेही कोणाच्या तरी लेकींचे बापच होते. हैबती रंधा खाली ठेवायचा, उंबऱ्याशी आडवा व्हायचा, आणि दोघं गावच्या गोष्टी बोलायचे. कोणाची म्हैस व्याली, कोणाचं लग्न जमलं, कुठल्या विहिरीला पाणी लागलं. मध्येच राही विचारायची, "आबा, हायसा न्हवं तिथं?" आणि तो म्हणायचा, "हाय."

एकदा त्याच्यानं राहवलं नाही. इकडंतिकडं बघून तो म्हणाला, "राही, म्या ह्यो अडसर आतनं पोखरतो. कुनाला कळायचं न्हाई. एक धक्का दिलास की मोडंल."

आतून ती म्हणाली, "माज्या एकटीचाच पोखरनार, का समद्यांचं?"

"समद्यांचं कसं जमंल, पोरी?"

"शेजारच्या खोलीत ते कुंभारबाबा हायती. त्यांच्या देखत मी कशी जाऊ?"

हैबतीनं रंधा उचलला आणि तो गड उतरला. पण तो प्रश्न मात्र त्याच्याबरोबर घरी आला आणि घरात ठाण मांडून बसला.

आता पुढचं नीट ऐका. नदीपलीकडच्या लुटारूंना कळलं, की थोरला राजा गेलाय आणि धाकटा आपल्याच माणसांवर पहारे बसवण्यात गुंतलाय. एका सकाळी नदीकाठी धूळ उठली. गडावरच्या नगाऱ्यावर पंधरा वर्षांनी टिपरू पडलं. त्याबरोबर छत्तीस गावं घराबाहेर पडली आणि गडाच्या वाटेला लागली. तो आता तुरुंग आहे, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. पाय ओळखीच्या वाटेनं निघाले, एवढंच.

राजाही आला. राणीला आणि लेकरांना घेऊन, धापा टाकत, रयतेच्या गर्दीतून तो वर आला. हैबती तर सगळ्यांच्या आधी पोचला होता. तो कुठं गेला असेल, हे सांगायला नको.

शत्रू अजून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होता. माणसं आत घेऊन झाली. आंब्याखालचे पहारेकरी सगळ्यांत घाईनं आत शिरले आणि त्यांनी महादरवाजाची दोन्ही दारं ओढून लावली. मग अडसर घालायला वळले, तर आत काहीच नव्हतं. अडसर बाहेर होता.

अंमलदाराच्या तोंडचं पाणी पळालं. "कोणीतरी बाहेर थांबून अडसर घाला," तो म्हणाला. सगळे आपापल्या पायांकडं बघू लागले.

तेव्हा जन्मात कधी चारचौघांत न बोललेला हैबती बोलला. "बाहेरनं घातलेला अडसर बाहेरचाच मानूस काढंल. त्याचा काय उपेग? ते लाकूड आत घ्याया पायजे."

"खोबणी कुठं आहेत? त्या तर चुन्यानं बुजवल्या."

"चिखलानं बुजवल्या, सरकार. चूक झाली माझ्याकडनं."

इतकी उपयोगी चूक त्या राज्यात दुसरी कोणी केली नव्हती.

पण ते लाकूड उचलायला तीस धडधाकट गडी हवे होते. गावचे गडी ओझी आणि म्हातारी माणसं वाहून चढ चढले होते. त्यांच्यात जोर उरला नव्हता. पहारेकरी होते दहा. हैबती राजाकडं वळून म्हणाला, "महाराज, छत्तीस खोल्यांत मानसं हायती."

"ते पळून जातील," अंमलदार ओरडला.

राजानं एकदा धुळीकडं पाहिलं आणि एकदा लेकरांकडं पाहिलं. मग होकाराची मान हलवली.

छत्तीस अडसर सरकले. माणसं बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून, भिंतीचा आधार घेत. तेराव्या दारातून राही आली. तिच्या हातात झिजून वीतभर उरलेली केरसुणी होती. हैबतीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. बोलायला दोघांनाही वेळ नव्हता.

महादरवाजा पुन्हा उघडला होता आणि खालची वाटही मोकळी होती. हैबती सगळ्यांना म्हणाला, "ज्याला जायाचंय त्यानं जावं. कुनी अडवनार न्हाई. पन आत आपली मानसं हायती आन् ह्ये लाकूड जड हाय."

दोघं जण गेले. खोटं कशाला सांगू? पण त्यांतला एक थोड्या वेळानं परत आला. वाटेत त्याला कोणाची तरी मागं राहिलेली म्हातारी दिसली होती, तिला पाठुंगळी घेऊन तो वर आला. तिला खाली ठेवून त्यानं सरळ लाकडाला खांदा लावला. राही आणि बायकांनी खुरप्यांनी, उलथण्यांनी खोबणींतला चिखल उकरला. मान न वाकणारा कुंभार मात्र वजन उचलायच्या कामाचा नव्हता. तो ताठ मानेनं समोर उभा राहून 'हुप्प्या, हुप्प्या' अशी जोर लावायची हाक देत राहिला. त्याच्या तालावर सागाचं ते धूड आत आलं, आणि जिथं त्याची जागा होती तिथं जाऊन बसलं.

लुटारू आले. त्यांनी दोन दिवस दाराला धडका दिल्या. दार जागचं हललं नाही.

आत लोक आपापल्या गावाच्या खोलीत गेले. राजा मात्र मधोमध उभा राहिला. थोरल्या राजानं आपल्या घराण्याच्या आसऱ्यासाठी एक दालनही काढलं होतं, पण त्यात या धाकट्यानंच बेड्या आणि साखळदंड भरून ठेवले होते. तिथं बसायला जागा नव्हती. राही म्हणाली, "आमच्या खोलीत या, महाराज. झाडलेली हाय." राजानं मान वर केली नाही, पण गेला.

त्या सायंकाळी अंमलदारानं दवंडी दिली, की शत्रू गेला की कैद्यांनी ज्याच्या त्याच्या खोलीत परतायचं आहे. राहीनं ते ऐकलं आणि ती भाकऱ्या थापत राहिली. शत्रू जावा म्हणून सगळा गड देवाला हात जोडत होता. एकटा हैबतीच मनातून चोरासारखा म्हणत होता, अजून एक दिवस राहू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजा तेराव्या खोलीत एकटाच पडला होता. राणी, लेकरं आणि गावचे लोक पटांगणात होते. उन्हासाठी दार लोटून घेतलं होतं. एक पहारेकरी तिथून गेला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पाच वर्षांची हाताची सवय, लोटलेलं दार दिसलं की अडसर सरकवायचा. त्यानं तो सरकवला आणि आपल्याच तंद्रीत पुढं गेला.

राजानं उठून दार ढकललं, ते उघडलं नाही. त्यानं हाका मारल्या, पण हैबतीचं दार ते, बाहेर आवाज कसा जाणार? त्यानं मुठी आपटल्या. मग घाम पुसत तो भिंतीला टेकून बसला. हळूहळू त्याला अंधारात दिसू लागलं. जमीन स्वच्छ होती, आरशासारखी झाडलेली. कोपऱ्यात वीतभर केरसुणी होती. भिंतीत एक खोबण होती, आणि तिच्या कडा कोणाच्या तरी बोटांनी गुळगुळीत झालेल्या होत्या. राजानं त्या कडेवरून हात फिरवला. आजवर हजारदा भ्यालेला तो माणूस पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाच्या तरी भीतीचा विचार करू लागला.

तेवढ्यात दाराखालून काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. लेक दाराआड नव्हती, तरी हैबती सवयीनं रंधा घेऊन उंबऱ्याशी येऊन बसला होता.

राजा जमिनीवर आडवा झाला. "कोण आहे तिथं?"

"हैबती, महाराज."

"जाऊ नकोस," राजा म्हणाला. त्याचा आवाज लेकरासारखा झाला होता. "आहेस ना तिथं?"

हैबतीचा हात अडसरावर होता. या घडीला काहीही मागता आलं असतं, आणि मागितलं असतं तर मिळालंही असतं. पण त्या दारामागून तेच शब्द त्यानं किती वेळा ऐकले होते. त्याच्यानं मागवलं नाही. "हाय, महाराज," तो म्हणाला आणि त्यानं अडसर ओढला.

राजा बाहेर येऊन उंबऱ्यावर बसला. उजेडानं त्यानं डोळ्यांवर हात धरला. मग म्हणाला, "हैबती, हा अडसर आत बसवून दे. आजच्या आज."

हैबतीनं हात जोडले. पण प्रश्न विचारायचाच, असं त्यानं ठरवलं होतं.

"बसवतो, महाराज. ह्या एका दाराचाच, का समद्यांचं?"

राजानं त्या लांब ओळीकडं पाहिलं. छत्तीस दारं होती. प्रत्येक दारात कोणी ना कोणी बसलं होतं, कोणी निवडत होतं, कोणी लेकरू झोपवत होतं. कुंभार ताठ मानेनं चिलीम भरत होता. त्यांतलं कैदी कोण आणि रयत कोण, हे राजाला काही सांगता आलं नसतं.

"सगळ्यांचे," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी लुटारू कंटाळून परत गेले. गडावरून कोणी कैदी म्हणून खाली उतरलं नाही, सगळे गावचे म्हणून उतरले. खऱ्या चोरांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्यांचा न्याय ज्याच्या त्याच्या गावात, चावडीवर, सगळ्यांसमोर झाला, आणि शिक्षा कधी संपणार ते आधी सांगून झाली. म्हातारीला पाठुंगळी आणणारा त्यांतलाच एक होता. त्याला गावानं जन्मभर त्या म्हातारीचं पाणी भरायची शिक्षा दिली. ती संपेना म्हणून त्यानं कधी तक्रार केली नाही.

हैबतीनं पस्तीस अडसर आत बसवले. छत्तिसावा, म्हणजे तेराव्या दाराचा, राजानं नंतर विचार करून मुद्दाम बाहेरच ठेवायला सांगितला. "तो माझ्यासाठी असू दे," तो म्हणाला. तेराव्या गावाला त्यानं आपलं मोठं दालन दिलं, साखळदंड काढून आणि स्वतः उभं राहून झाडून घेऊन. त्या वर्षी आसऱ्याचा दिवस पुन्हा सुरू झाला. राजा गड चढून आला, एकटा तेराव्या खोलीत गेला, आणि राहीनं बाहेरून अडसर घातला. पुढं त्या राज्यात रीतच पडली. गादीवर कोणीही येवो, आधी त्या खोलीत घटकाभर बसायचं, आणि अडसर बाहेर रयतेतल्या कोणाच्या तरी हाती असायचा.

हैबती त्यानंतर पुष्कळ जगला. कामाला बोलावलं की तो आधी विचारायचा, "आत कोन बसनार हाय?" कोंबड्यांचं खुराडं करायचं असलं तरी विचारायचा. लोक हसायचे, तोही हसायचा, पण उत्तर मिळाल्याशिवाय रंधा हातात घ्यायचा नाही.

पुन्हा सुरू झालेल्या त्या पहिल्या आसऱ्याच्या दिवशी घटका भरत आली, तेव्हा आतून, उंबऱ्याखालून, हळूच आवाज आला होता.

"राही, आहेस ना तिथं?"

"हाय, महाराज," बाहेरची ओसरी सारवता सारवता राही म्हणाली. "हात धुते आन् उघडते."

तात्पर्य : आसरा देणारी भिंतच कोंडूनही घालते, म्हणून दुसऱ्याच्या दाराला बाहेरून अडसर घालण्याआधी माणसानं घटकाभर आत बसून पाहावं.